दगड वेचताना : धाराशिवच्या गारगोट्या, अकीक आणि तेरचे मणी

आजचा विषय दगडांचा. हिरे, माणकं असले दगड नव्हेत, तर शेताच्या बांधावर, नदीच्या कोरड्या पात्रात आणि नव्या विहिरीशेजारच्या ढिगाऱ्यात पडलेले दगड. आम्ही काही जण सुटीच्या दिवशी धाराशिव जिल्ह्यात हे दगड बघत हिंडतो. लोक विचारतात, "काय हरवलंय का?" आम्ही म्हणतो, "गारगोट्या बघतोय." मग समोरचा माणूस आधी हसतो आणि नंतर हमखास म्हणतो, "आमच्या शेतात लई पडल्यात, घेऊन जा की पोतंभर."

पोतंभर न्यायचे नसतात, हा आजच्या बोलण्याचा एक भाग. का न्यायचे नसतात, ते पुढे येईलच. आधी हे दगड आले कुठून ते पाहू. कारण ते समजलं की शोधायचं कुठे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या पायाखाली जो काळा कातळ आहे तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. सह्याद्रीच्या माथ्यावर या थरांची जाडी दीड किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्याकडे पूर्वेला ती कमी होत जाते. किती कमी, हे आपल्याला एका दुःखद कारणाने नेमकं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा बेसाल्ट सुमारे ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. किल्लारी आज लातूर जिल्ह्यात आहे, पण सास्तूर, लोहारा भागातल्या माणसाला ती काही परकी नाही. तर आपण एवढ्या जाडीच्या थरांवर बसलेलो आहोत.

आता एक थर डोळ्यापुढे आणा. लाव्हारसात वायू असतो. सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे जसे वर धावतात तसा तो वर येतो. वरून थंड होत आलेल्या रसात अडकतो आणि खडकात पोकळ्या राहतात. म्हणून थराचा मधला भाग घट्ट, त्याला आपण काळा पाषाण म्हणतो. आणि वरचा भाग भोकाभोकांचा, मऊसर, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी मातीचा पट्टा दिसतो. तो म्हणजे एक थर पडून पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात तयार झालेली आणि नंतर वरच्या लाव्ह्याने भाजलेली माती. पाणाड्याला हे सगळं ठाऊक असतं. मांजऱ्या लागला की पाण्याची आशा, काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च.

या पोकळ्या रिकाम्या राहिल्या असत्या तर आम्हाला हिंडायचं कारण उरलं नसतं. पण खडकातून पाणी झिरपत राहिलं. त्या पाण्यात खडकातूनच विरघळलेली सिलिका होती, चुना होता, इतर क्षार होते. पोकळीच्या भिंतीवर ते थरावर थर साचत गेले. दूध उतू जाऊन भांड्याच्या कडेला वाळलेले थर आठवा, फक्त इथे हिशेब दिवसांचा नाही. सिलिकेचे अतिशय बारीक कण पट्ट्यापट्ट्यांनी साचले की अकीक. पट्टे नसतील, एकसारखा धुरकट दगड असेल तर कॅल्सेडोनी. मध्ये जागा उरली आणि तिथे स्फटिकांना आरामात वाढता आलं तर आत चमचमणारी गारगोटी. अपारदर्शक, लाल किंवा हिरवा झाला तर जास्पर. खेड्यात या सगळ्यांना मिळून गार किंवा गारगोटी म्हणतात आणि त्यात काही चूक नाही, मूळ द्रव्य एकच आहे.

दुसरी मंडळी झिओलाइट कुळातली. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, आणि त्यांच्याच सोबत सापडणारं अपोफिलाइट. पांढरी, गुलाबी, कधी हिरवट, पिसासारखी किंवा सुयांच्या जुडग्यासारखी. झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिलं. त्याने दगड तापवला आणि तो फसफसला, म्हणून ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' असं नाव. त्या दगडात पाणी कोंडलेलं असतं. महाराष्ट्राचे हे दगड जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. नसेल तर नाशिकला जाताना दोन तास काढा.

आता शोधायचं कुठे. इथे एक साधा तर्क लावायचा. झिओलाइट नाजूक असतं. त्याची कठीणता साडेतीन-चार ते पाच-साडेपाचपर्यंत, आणि सुया तर बोटाच्या धक्क्यानेही मोडतात. ते नदीत दोन कोस वाहत गेलं तर त्याचं पीठ होईल. अकीकाची कठीणता सात. भोवतालचा बेसाल्ट कुजून काळी माती झाला तरी अकीक तसाच राहतो. म्हणून नदी आणि शेत तुम्हाला अकीक देतात; विहीर आणि खडीची खाण झिओलाइट देते. नदीच्या गोट्यांत अपोफिलाइट शोधत दिवस घालवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यात कष्ट खूप होतात, हाती काही लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात नदीचं पात्र म्हणजे उन्हाळ्यात तेरणा, बोरी, मांजरा, सीना, आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे. वळणाच्या आतल्या बाजूला जिथे गोटे साचतात तिथे बघायचं. सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हाकडे तोंड करून चालायचं. तिरपं ऊन अकीकातून आरपार येतं आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसतो, शेजारचा बेसाल्ट मात्र काळाच राहतो. भर दुपारी सगळेच दगड सारखे दिसतात, शिवाय डोकं तापतं.

पण खरं सांगायचं तर नदीपेक्षाही आम्हाला बांध आवडतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते; या हालचालीत दगड वर ढकलले जातात. "दरसाल वेचतो, तरी उगवतातच," असं शेतकरी म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बायांनी आणि पोरांनी ते वेचून बांधावर टाकलेले असतात. म्हणजे अर्धं काम तुमच्या आधी कुणीतरी करून ठेवलेलं आहे. बांधावरच्या ढिगात पांढरट, मेणचट, बाहेरून बटाट्यासारखा खडबडीत आणि वजनाला भारी गोळा दिसला की उचलून पाहा. त्याच्या सालीवर हिरवट थर असेल तर आणखी चांगलं. पोकळीच्या भिंतीला आधी ते हिरवं खनिज चिकटलं आणि मग अकीक साचला, असा त्याचा अर्थ.

आणि विहिरीचा ढिगारा. मराठवाड्यात विहिरी किती खोदाव्या लागतात हे सांगायला नको. सुरुंग लावून, यारीने उपसून काठाला रचलेला तो ढीग म्हणजे जमिनीखालच्या वीस-पंचवीस मीटरचा उलटा ठेवलेला छेद असतो. सगळ्यात वर टाकलेला दगड सगळ्यात खोलचा. ढीग ताजा असताना बघा, कारण दोन पावसाळ्यांनंतर झिओलाइटची चमक जाते. मात्र विहिरीच्या तोंडाशी जायचं नाही, कठडा नसतो आणि काठ ढासळतो. सुरुंगाचं काम चालू असेल तर त्या शिवारातही जायचं नाही.

ओळखण्यासाठी फार सामान लागत नाही. एक लोखंडी खिळा, काचेची बाटली, थोडं व्हिनेगर, छोटी बॅटरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग. खिळ्याने चरा उठला आणि दगडाचंच पीठ निघालं तर अकीक नाही. खिळ्याची करडी रेघ उलट दगडावर उमटली, आणि दगडाने बाटलीवर चरा काढला, तर गारगोटीच्या घरातला. व्हिनेगरच्या थेंबाने बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या घरातला. नदीत घासलेले बाटल्यांचे तुकडे फार फसवतात, विशेषतः हिरवे. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर ती काच. बॅटरी दगडाच्या मागे धरली की पट्टे दिसतात. पाण्यात बुडवला तर रंग खुलतो, कोरड्या दगडावरून कधीच निर्णय करू नका.

आवाजही ऐकावा. दोन अकीक एकमेकांवर हलके आपटले तर टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजका बेसाल्ट भद्द वाजतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवून पाहिली आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आमच्या कामात ती पद्धत दगडांपुरती ठेवावी.

हातोडी? पहिलं वर्ष नको. नवशिक्याच्या हातातली हातोडी चांगल्या दगडाचे वाईट तुकडे करते. गवंड्याच्या हातोडीने अकीक फोडला तर काचेसारख्या धारदार कपच्या उडतात आणि त्या डोळ्यात जातात. चष्मा घातल्याशिवाय कुणी दगड फोडायचा नाही. हात घालायचा तर तोही विचाराने. दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं. दगड पलटताना पलीकडची कड धरून आपल्या दिशेने उचलायचा, म्हणजे खालचा प्राणी पलीकडे निघून जातो आणि मध्ये दगडाची आड राहते. लाल विंचू चावला तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान मुळात मागून घेतलं तिच्याकडे येतो.

दगड सापडला, ओळखला, खिशात टाकला. त्या क्षणी त्याचा एक भाग तुम्ही जागेवर सोडून आलात. तो कुठल्या शिवारात होता, ओढ्याच्या गोट्यांत होता की खडकात रुतलेला, किती खोलीवरचा, हे दगडावर कुठेही लिहिलेलं नसतं. संध्याकाळपर्यंत तुम्हाला आठवतं, दिवाळीपर्यंत धूसर होतं, आणि तुमच्यानंतर घर आवरणाऱ्याच्या दृष्टीने ते फक्त दगड असतात.

एक उदाहरण सांगतो. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेचं काम चाललं तेव्हा कातळ फोडताना सुंदर झिओलाइट आणि अपोफिलाइट निघालं. ते युरोपात गेलं. पण दख्खनमधल्या कित्येक जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'पूना' लिहिलेलं असतं. पूना म्हणजे पुणे शहर, बोरघाट, की शंभर कोस लांबची एखादी खाण? सांगता येत नाही. आजही बाजारात तेच चालतं. कुठलाही दगड जळगावचा नाहीतर नाशिकचा म्हणून विकला जातो, कारण ती नावं गिऱ्हाइकाला ओळखीची असतात. दिसायला देखणे, पण अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. उलट वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट घ्या. ते वाघोलीचंच, हे नक्की असल्यामुळे त्याच्याबरोबर तिथला खडक, तिथली इतर खनिजं, सगळं जोडून अभ्यासता येतं. अकीकाचं युरोपीय नाव अॅगेट. तेही सिसिलीतल्या अखातेस नावाच्या नदीवरून आलेलं आहे. म्हणजे या दगडाला नाव मिळालं तेच सापडण्याच्या जागेवरून.

आणखी एक बारीक गोष्ट, आम्हाला फार आवडणारी. काही अकीकांत पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे गोल न जाता तळाशी सरळ, एकमेकांना समांतर असतात. ते पोकळीच्या बुडाशी गाळासारखे साचले, म्हणून साचताना ते आडवे होते. गवंड्याच्या पाणसळीसारखे. खडकात असताना ते पट्टे आज तिरके दिसले, तर अकीक तयार झाल्यानंतर तो खडक कलला, असा पुरावा तुमच्या हातात आहे. पण तो दगड काढण्याआधी वरची बाजू कुठली याची खूण केली तरच. खूण न करता काढला की पाणसळ मोडली, पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून वही. रोज सोबत. तारीख, गाव, शिवार, जमल्यास गट नंबर, ओढा की बांध की विहीर, सुटा होता की खडकात. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते उतरवा. पण नुसत्या मोबाइलवर ठेवू नका, मोबाइल बदलतात. घरी आल्यावर दगड धुऊन वाळवा, न दिसणाऱ्या बाजूला व्हाइटनरचा ठिपका द्या, त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत. झिओलाइट ब्रशने घासू नका, नुसत्या पाण्यात बुडवून काढा. खोक्यात वर्तमानपत्र घालून ठेवा. एवढंच. पन्नास क्रमांक असलेले दगड हे पोतंभर बिनक्रमांकाच्या दगडांपेक्षा मोठा संग्रह असतो, असं आम्ही मानतो.

आता तेर. धाराशिवच्या ईशान्येला तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि दोन्ही ठिकाणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातो असं तो लेखक म्हणतो. पैठणहून काय जातं? ओनिक्स, म्हणजे पट्ट्यांचे दगड, भरपूर. तगराहून तो कापडाची नावं देतो. म्हणजे दगडाचा व्यापार त्याने पैठणच्या नावावर लिहिला आहे, तेरच्या नाही. आपण उगाच आपल्या गावाच्या खात्यावर ओढून घेऊ नये. पण तेरच्या मातीतून अकीकाचे, कार्नेलियनचे, काचेचे, शंखाचे मणी निघालेले आहेत आणि ते तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मांडलेले आहेत. लामतुरे हे तेरचेच. गावात, पांढरीच्या टेकाडांवर, पावसानंतर उघड्या पडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या, आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पाँपेईला १९३८ साली सापडलेल्या मूर्तीची आठवण होते, इतकं त्यांचं नातं जवळचं आहे. त्यांनी जमवलं नसतं तर यातलं कितीतरी घरोघरच्या पोरांच्या खेळात आणि फेरीवाल्यांच्या पोतडीत गेलं असतं.

मग आमच्यासारख्या दगडवेच्यांचा इथे प्रश्न काय? प्रश्न असा, की तेरच्या आसपास पावसानंतर चालताना जमिनीवर लाल, पारदर्शक, बोराएवढा खडा दिसला, तर तो तेरणेने घासलेला गोटा आहे की दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तासलेला मणी? पाहायचं असं. आरपार भोक आहे का. दोन बाजू सारख्या आहेत का. घासून काढलेले पैलू दिसतात का. नदी दगड गुळगुळीत करते, पण नदीला सममिती येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं : अर्धवट भोक पडलेला, मध्येच फुटलेला मणी. वेचणारा तो टाकून देतो. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला मात्र तोच हवा असतो, कारण पूर्ण मणी कुठूनही आलेला असू शकतो. माळ घालून माणूस हिंडतो. फुटका, अर्धवट मणी आणि त्याच्या कपच्या कुणी गावोगाव नेत नाही. त्या जिथे सापडतात तिथेच मणी घडत होते. तुम्ही तो उचलून खिशात टाकलात की कारखान्याचा पत्ता पुसला.

हीच गोष्ट त्याहून जुन्या काळाची. दख्खनमध्ये अश्मयुगातल्या माणसाने याच कॅल्सेडोनीची, याच जास्परची नखाएवढी धारदार हत्यारं केली. ती सुद्धा नदीकाठच्या गोट्यांत मिसळलेली असतात. बोटाच्या पेराएवढ्या, लांबट, दोन्ही कडा समांतर असलेल्या कपच्या एकाच जागी पाच-दहा दिसल्या, तर त्यांना हात न लावता फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, जागा टिपा, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तेरच्या संग्रहालयाला कळवा.

कायदाही थोडक्यात सांगतो, कारण लोक घाबरतात किंवा अगदीच घाबरत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी, माणसाने घडवलेली वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा तर १८७८ चा कायदा आहे, अजून चालू आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात, मग ते तेर असो, नळदुर्ग असो की परंडा, दगड उचलायचा नाही. येडशीचा रामलिंग घाट अभयारण्यात आहे. तिथे धबधबा बघा, दगड तिथेच राहू द्या. आणि नैसर्गिक दगडाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने ३१ खनिजं गौण खनिजांत घातली, त्या यादीत पहिलंच नाव अकीकाचं आहे. जास्पर, कॅल्साइट हेही त्यात आहेत. म्हणजे ते काढायचं, विकायचं, तर सरकारी परवानगी लागते. आमचा स्वतःचा नियम सोपा आहे : खणायचं नाही, विकायचं नाही, आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय मूठभरही उचलायचं नाही. विचारल्यावर आजवर नकारापेक्षा चहाच जास्त मिळाला.

इथे थांबतो. दोन प्रश्न लिहून आलेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न, घरी पॉलिश करता येईल का. येईल, पण कोरडं कधीच नाही. अकीक घासताना उडणारी धूळ म्हणजे शुद्ध सिलिका. खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांची फुप्फुसं त्या धुळीने निकामी झालेली आहेत. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि तो बरा होत नाही. तिथे दगड भाजून लाल करण्याची कला आहे, आतलं लोह तापून रंग बदलतो, आणि आपल्या अंगठीतले बरेच लाल अकीक असे भाजलेलेच असतात. दुकानात दिसणारे भडक गुलाबी, भडक निळे काप तर रंगवलेले. तर घासायचं असेल तर ओल्या पॉलिश कागदावर, पाण्याखाली, आणि निघालेला चिखल वाळू न देता धुऊन टाकायचा. मुलांना हे काम देऊ नका. आम्ही बहुतेक दगड घासतच नाही. पाण्याच्या वाडग्यात ठेवतो, तेवढ्याने रंग दिसतो.

दुसरा प्रश्न तेरहून आलाय असं दिसतं. नाव वाचत नाही. "आमच्या आजीने शेतात वेचलेले लाल-पांढरे मणी डब्यात आहेत. ते ठेवणं गुन्हा आहे का, आणि आम्ही काय करावं?" घाबरू नका, पण विकू नका, आणि फेरीवाल्याला दाखवूही नका. मण्यांचे फोटो काढा, संख्या मोजा, आणि डबा घेऊन संग्रहालयात दाखवायला जा. पुढे काय करायचं ते तिथे सांगतील. पण त्याच्याही आधी एक काम. आजी आहेत ना? मग आज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. कुठल्या शेतात, कुठल्या बाजूला, विहिरीजवळ की टेकाडाच्या उताराला, नांगरट करताना की पावसानंतर, मणी एकटे मिळाले की खापरं-विटा सोबत होत्या, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. चालता येत असेल तर त्यांना शेतात न्या आणि जागा दाखवायला सांगा. ती वही डब्यातच ठेवा, मण्यांबरोबर.